दहावं बाळंतपण

सांगली,
ता. १० नोव्हेंबर १९७४

ती. हरणाक्कास,
बाळासोचा प्रभूच्या नावात सप्रेम सलाम वि. वि.

तुझं कार्ड पोहोचलं. अर्धं कार्ड तू माझ्या दम्याला दिलंस, अर्धं तुझ्या शेळीला. स्वतःबद्दल एक ओळ नाही, यावरून तू बरी आहेस असं समजतो. शाळेची सहामाही उरकली. पेपर तपासून बोटं लाल झाली आहेत.

आता मोठी बातमी. आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब येऊन चार महिने झाले. वय तिशीच्या आत, आवाज असा की मागच्या बाकावरची पोरंही जागी राहतात. आल्याबरोबर त्यांनी देवळाचं छप्पर बघितलं. पावसाळ्यात अर्पणाची थैली फिरवताना मला छत्री धरावी लागते, हे तुला ठाऊकच आहे. त्यांनी सलग पाच रविवार दशमांशावर उपदेश केला. मोशेच्या काळापासून देवाच्या लोकांनी मिळकतीचा दहावा भाग देवाला दिला, मग आपण कसे सुटलो, असा त्यांचा सवाल. मी पडलो चिटणीस. उठलो आणि म्हणालो, नुसतं सांगून आमच्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही, फळा लावा.

फळा लागला. दाराशी, आत शिरताना डाव्या हाताला. घरातल्या कर्त्याचं नाव आणि पुढे महिन्यांचे रकाने. ज्याचं पाकीट आलं त्याच्या रकान्यात मी पांढऱ्या रंगाचं टिंब देतो. आत किती पैसे होते ते लिहीत नाही, एवढी सभ्यता पाळतो. पहिल्याच महिन्यात थैली दुपटीनं जड झाली.

दाजी गेले तरी तू आमच्या यादीतून नाव काढून नेलं नाहीस, त्यामुळे फळ्यावर तूही आहेस आणि तुझा रकाना रिकामा आहे. चिटणीसाच्या बहिणीला हे शोभत नाही. तेव्हा दशमांश देतेस का, आणि देत असलीस तर कुठे देतेस, ते कळव.

आपल्या लीलाला सातवा सरला. जावईबापू फौजेत, रजा मिळत नाही. तिची आई असती तर प्रश्नच नव्हता. इथे दवाखाने आहेत, पण पोरगी म्हणते बाळंतपण आत्याकडेच. हट्टाला तुझ्यावर गेली आहे. तेही कळव.

लोभ आहेच, तो कार्डावर मावत नसेल तर आंतर्देशीय पत्र घेत जा.

तुझा,
बाळासो

रहिमतपूर, जि. सातारा,
ता. १७ नोव्हेंबर १९७४

चि. बाळासोस,
अनेक आशीर्वाद.

बहिणीला पत्र लिहितोस की समन्स धाडतोस रं? वाचून मी एवढी हसले की शेळीनं दावं ओढलं. लीलाला खुशाल पाठव. तिच्यासाठी माडीवरची नाही, खालची खोली सारवून ठेवते. जिने चढायचे नाहीत आता तिनं.

दशमांशाचं सांगते, पण फळ्यावर लिहू नकोस. तिकडची मिशन दवाखान्यातली नोकरी संपून मी इथे आले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करते. कुणी पंधरा रुपये देतं, कुणी पायलीभर जोंधळे, कुणी लुगडं. याचा दहावा भाग काढायचा कसा? लुगड्याचा दहावा भाग म्हणजे एका पोलक्याचं कापड. म्हणून मी ठरवलं की दर दहावं बाळंतपण देवाचं. तिथे काही घ्यायचं नाही, उलट जाताना अंगडं-टोपडं न्यायचं. देवानं बोटं दहा दिलीत, तेवढ्यात माझं गणित बसतं.

गावाला हे कळलं आणि लय गंमत झाली. शेजारच्या मनुबाईनं एकदा विचारलं, की आमची सून नवव्यात हाय, तुमचं कितवं चाललंय? मी म्हटलं सातवं झालं. तर म्हणाली, मग जरा दमानं घ्यायला सांगते तिला. जणू सुनेच्या हातात चावी! पुढे एकदा दहावं आलं ते बागायतदार लालासाहेबांच्या घरी. ऐंशी एकर ऊस. मी पैसे घेईना, तर ते तापले. म्हणाले, आमी काय भिकारी हाय व्हय? मी म्हटलं, तुम्हाला कोण देतंय, हे देवाचं आहे, तुम्ही मधे पडू नका. चार दिवस माझ्याकडे बघेनात. मग गुळाची ढेप पाठवली. ती मी त्यांच्याच उसतोड्यांच्या पोरांत वाटली.

असा आहे माझा दशमांश. दम्याला आल्याचा काढा घे.

माया आहे ती आहेच, विचारपूस करत जा.

तुझी,
हरणाक्का

सांगली,
ता. २५ नोव्हेंबर १९७४

ती. अक्कास,
सप्रेम सलाम वि. वि.

फळ्यावर लिहू नको म्हणालीस, वाचून दाखवू नको म्हणाली नव्हतीस. पाळकसाहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते पोट धरून हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, बाई चांगल्या आहेत, पण हा दशमांश नव्हे. दशमांश देवाच्या भांडारात आणायचा असतो, मर्जीप्रमाणे रस्त्यात वाटायचा नसतो. तो देणं हे कर्तव्य. त्याच्या वर जे द्याल, त्याला दान म्हणावं. मला हे पटलं. ऐंशी एकरवाल्याचं बाळंतपण फुकट आणि आमचं छप्पर गळकं, हा कुठला न्याय?

फळ्यावर आता अकराच नावं टिंबाविना राहिली आहेत. एक तुझं, एक राहीबाईचं. राहीबाई, शाळेची झाडलोट करायची ती. लीलाची आई गेल्यावर तिनंच पोरीला अंगाखांद्यावर वाढवलं. बरेच रविवार झाले, देवळात दिसली नाही. वय झालं, थंडीनं गुडघे धरले असतील.

शनिवारी यष्टीनं लीलाला घेऊन येतो. तुझा आकडा कितीवर आहे तो मात्र सांभाळ. माझ्या नातवंडाचं बाळंतपण दहावं येता कामा नये. चिटणीस फुकटाचं घेत नाही.

राग नसावा, लोभाला खीळ नसावी.

तुझा,
बाळासो

रहिमतपूर,
ता. १० डिसेंबर १९७४

चि. बाळासोस,
अनेक आशीर्वाद.

लेकीला सोडलंस आणि तासाभरात परतीची गाडी धरलीस. चहासुद्धा बशीत राहिला. फळा पळून चालला होता का? लीला मजेत आहे. चिंच खाते, शेळीशी बोलते आणि मनुबाईबरोबर सगळ्या गावाच्या कुचाळक्या करते. पोटातलं आडवं नाही, डोकं खाली आहे. काळजी सोड.

आता तुझं शास्त्र. मी चौथी शिकलेली बाई, तुम्हा दोघांपुढे काय बोलणार? पण पौल प्रेषित मोशेचा सगळा नियम कोळून प्यायला होता ना? त्यानं मंडळ्यांना देण्याबद्दल लिहिलं तेव्हा आकडा काही घातला नाही. ज्यानं त्यानं आपल्या मनात ठरवावं, कुरकुरत देऊ नये, कुणी भाग पाडलं म्हणून देऊ नये, एवढंच. दवाखान्याच्या सकाळच्या प्रार्थनेत मी हे पुष्कळदा ऐकलंय. मग मी दहाव्याला का धरून बसले, असं विचारशील. मला कुणी बांधलेलं नाही, मी स्वतःला बांधून घेतलंय. कारण मी मूळची चिकट. मनावर सोडलं असतं तर वीस झाली तरी माझं दहावं आलं नसतं. आकडा देवाला नको रं, मला लागतो.

आणि दहावं कुणाचं निघेल हे माझ्या हातात नाही, तेच बरं. असतं तर मी आपल्या माणसाला दिलं असतं, नाहीतर जो पाया पडेल त्याला. लालासाहेबाला तर मुळीच दिलं नसतं. छपराला पैसे हवेत तर छपरासाठी माग, आनंदानं देते. त्यासाठी मोशेला कशाला उठवायचं?

काल तांबोळ्यांच्या नूरजहांला जुळं झालं. ते माझं आठवं. जुळं एक धरायचं की दोन, यावर मनुबाईनं दारात पंचायत भरवली. दोन धरली की लीलाचं दहावं बसतं, असा तिचा हिशेब. मी म्हटलं, मी बाळंतपणं मोजते, डोकी नव्हे.

एक सांग. राहीबाईचे गुडघे दुखतात हे तू तिच्या घरी जाऊन बघितलंस, की चिटणीसाच्या खुर्चीत बसून ठरवलंस? जाऊन ये.

नाताळचे आशीर्वाद आगाऊ पाठवते. पाठीवरून हात फिरवते आहे असं समज.

तुझी,
हरणाक्का

रहिमतपूर,
ता. ४ जानेवारी १९७५

ती. अण्णांस,
लीलाचा सविनय सलाम.

तुम्ही आजोबा झालात. परवा, गुरुवारी, दिवेलागणीला मुलगी झाली. गोरी नाही, काळीही नाही, सध्या नुसती लाल आहे. आम्ही दोघी सुखरूप आहोत. तार करणार होते, पण आत्या म्हणाली, तार बघून अण्णांना आधी दमा लागेल, मग ते ती वाचतील.

आता जे झालं ते सांगते, कारण मनुबाईकडून ते गावभर झालंच आहे. गुरुवारी सकाळी मला कळा सुरू झाल्या. आत्यानं तपासलं आणि म्हणाली, पहिलटकरीण आहेस, संध्याकाळ होईल, फिरत राहा. अकराच्या सुमारास दारात एक धनगर धापा टाकत आला. धुळा त्याचं नाव. त्याची मेंढरं टेकडीपलीकडच्या रानात बसली आहेत. म्हणाला, आवं बाई, चला लवकर, रंगू कालच्यापास्नं अडलीया, बाळाचं पाय म्होरं दिसाय लागल्यात. रंगू म्हणजे त्याची बायको.

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. मी तिचा पदर धरला. मनुबाईही म्हणाली, की घरची पोर टाकून कुठं निघालात, तालुक्याला न्या म्हणावं तिला. आत्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली. मनुबाईला काय करायचं ते सांगितलं, कळा अशा-अशा आल्या तर तुझ्या पोराला टेकडीवर पळव म्हणाली, आणि गेली. मला विचारलं नाही, अण्णा. तेच मला लागलं.

साडेतीन तास ती नव्हती. त्या वेळात मी आत्याला काय काय बोलले ते मनुबाई तुम्हाला सांगेल. मला सारखी आई आठवत होती. मग ती आली. केसांत मेंढरांची लोकर, लुगडं चिखलानं भरलेलं. कोपरापर्यंत दोनदा साबण लावून हात धुतले, माझ्या उशाशी बसली आणि मुलगी होईपर्यंत हलली नाही. सगळं आवरल्यावर चुलीपाशी उभ्यानंच शिळी भाकरी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

धनगरांचा मुलगा जगला. मनुबाई म्हणते, आत्याचं ते दहावं. निळा पडला होता म्हणे. मी रागावले नाही. म्हणजे रागावले होते.

नातीला बघायला लवकर या.

आपली,
लीला

सांगली,
ता. ८ जानेवारी १९७५

ती. अक्कास,
सलाम.

लीलाचं पत्र मिळालं. देवाची कृपा की दोघी वाचल्या. तुझी कृपा म्हणता येत नाही.

माझी एकुलती पोर, पहिली खेप. तिला शेजारणीच्या हवाली करून तू टेकडीपलीकडे गेलीस. दहावं पुरं करायची एवढी घाई होती? लीलाची आई दुसऱ्या खेपेला गेली, तेव्हाही तू आपल्या घरी नव्हतीस. दवाखान्याच्या ड्युटीवर होतीस. एकवीस वर्षं हे मी बोललो नाही. आज बोललो.

अधिक काय लिहिणे.

बाळासो

रहिमतपूर,
ता. १२ जानेवारी १९७५

चि. बाळासोस,
अनेक आशीर्वाद. तू रागावलास म्हणून त्यातला एकही कमी करत नाही.

बोललास ते बरं केलंस. एकवीस वर्षं मी वाट बघत होते, की हा कधी बोलतो.

त्या दिवशी तू दवाखान्याच्या फाटकात उभा होतास. सायकल आडवी पडलेली, टोपी हातात. मी खिडकीतून तुला बघितलं. टेबलावर एक बाई होती, तिचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हरणा, हात काढलास तर ही जाईल. मी हात काढला नाही. ती बाई जगली. मला तिचं नावही आठवत नाही. तासाभरानं मी धावत आले, तेव्हा तुझ्या दारात माणसं जमली होती.

परवा धुळा दारात उभा राहिला, तेव्हा मला धुळा दिसलाच नाही. तू दिसलास. तीच टोपी, तेच तोंड. आणि या खेपेला माझे हात मोकळे होते. लीलाला अजून सहा तास होते, हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. चाळीस वर्षांची बोटं आहेत ही. तिकडे त्या पोरीकडे तेवढा वेळ नव्हता. पायाळू मूल, पाय पुढे आणि डोकं मागे. तालुक्याला कुठून नेतोस? तरी सांगते, मी भ्याले होते. जाताना, येताना, सगळा वेळ. लीलाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण ती नको म्हणाली असती आणि मला थांबावं लागलं असतं. याबद्दल मी तिची माफी मागितली. तिनं अजून पुरती दिलेली नाही, पण काल माझ्या हातचा डिंकाचा लाडू मागून घेतला.

दहावं म्हणशील तर त्याची आठवणसुद्धा नव्हती रं. नववं नाताळच्या आधी सुताराच्या सुनेचं झालं होतं, ते मी विसरूनच गेले होते. मूल रडलं, धुळा कनवटीचे पैसे पुढे करायला लागला, तेव्हा बोटं मोजली आणि कळलं. अंगडं-टोपडं बरोबर नव्हतं. माझ्या पदराचा तुकडा फाडून त्यात गुंडाळलं. माझ्यावर नियम होता म्हणून मी गेले नाही आणि नसता म्हणून थांबले नसते. कर्तव्य की दान, ते तू आणि तुझे पाळकसाहेब ठरवा.

लीलाचं आलं अकरावं. तेव्हा तुला पुरी फी पडेल. पंधरा रुपये, आणि माझं लुगडं फाटलं त्याचं निराळं. मनीऑर्डर कर.

राहीबाईकडे अजून गेला नाहीस, हे तू न लिहिताच कळलं.

तुझ्यावर माया आहे, ती तुला पत्रात दिसली नाही तर चष्मा पूस.

तुझी,
हरणाक्का

सांगली,
ता. २० जानेवारी १९७५

ती. अक्कास,
बाळासोचा प्रभूच्या नावात सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत मिळालं. पुढच्या तासाला पोरांना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. फाटकातून मला खिडकी दिसत होती, अक्का. तीत कोण आहे ते दिसत नव्हतं. मागचं पत्र मी लिहायला नको होतं, असंही म्हणवत नाही, कारण मग तू हे लिहिलं नसतंस. माफ कर. पंधरा रुपये मनीऑर्डरनं धाडले. लुगडं मी स्वतः घेऊन शनिवारी येतो. रंग हिरवा घेतला आहे. आवडला नाही तर लीलाला दे.

राहीबाईचं ऐक. शनिवारी तिच्या घरी गेलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, चार घरची भांडी घासायला गेली आहे. म्हणजे गुडघे ठीक. काल रविवारी घंटा झाली, मी दारात उभा होतो आणि सहज कुंपणापलीकडे नजर गेली. उंबराच्या झाडाखाली पोतं अंथरून राहीबाई बसलेली.

मी बाहेर गेलो. म्हटलं, राहीबाई, आत का येत नाहीस? म्हणाली, मास्तर, तुमीच म्हनला न्हवं का, आता धान्य चालत न्हाई. पाकिटात घालाय माझ्याकडं काय हाय? माझ्या नावाम्होरं समदं रिकामंच हाय म्हंत्यात. रिकाम्या मानसानं आत कसं यायचं? आन इथनं गानी झ्याक ऐकू येत्यात.

अक्का, ते मीच म्हणालो होतो. ती इतकी वर्षं दर सैपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढायची आणि महिन्याच्या शेवटी पिशवी भरून देवळात आणायची. फळा लागला त्या आठवड्यात मी तिला दारात अडवून सांगितलं, की आता धान्याची भानगड नको, पाकीट आणा. ती बरं म्हणाली आणि पिशवी घेऊन परत गेली. तेव्हापासून दर रविवारी ती उंबराखाली आहे. नाताळलाही तिथेच होती. मी नवा कोट घालून तिच्या समोरून गेलो असेन.

मी तिच्या पोत्यावर बसलो. ती घाबरली, म्हणाली, उठा की आवं, पाळकसाब बघत्यात, कापडं मळत्याल. आत पहिलं गीत सुरू झालं. ती गायला लागली, मीही लागलो. आत चिटणीस नाही, सूचना वाचायला कुणी नाही, म्हणून गीताच्या मधेच पाळकसाहेब बाहेर आले. मी बसल्या जागेवरून त्यांना तांदळाची पिशवी, पाकीट, सगळं सांगितलं. तुझं दहावं बाळंतपणही सांगितलं, कारण माझ्या डोक्यात दोन्ही एकत्रच झालं होतं. ते तरुण आहेत, पण हलके नाहीत. राहीबाईपुढे उकिडवे बसले. मग म्हणाले, मास्तर, मला आल्याबरोबर छप्पर दिसलं, ही बाई दिसली नाही. छप्पर अजून गळतंच आहे, त्याचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही कळलेलं नाही. यंदा पावसाआधी घरोघरी जाऊन सरळ छपरासाठी मागायचं, एवढंच ठरलंय.

तर पाळकसाहेब तरातरा दाराशी गेले आणि फळ्याला दोन्ही हातांनी हिसका दिला. फळा हलेना. चार इंची खिळे, मी स्वतः ठोकलेले. मी धावलो. आम्ही दोघं त्याला लोंबकळलो. मंडळी गाणं सोडून माना वळवून बघायला लागली. शेवटी फळा आला, पण सोबत ताटाएवढा गिलावा घेऊन आला. पाळकसाहेब डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, आणि मला खोकल्याची उबळ. तेवढ्यात राहीबाई पोत्याची घडी काखेत मारून आमच्या मधून आत शिरली, आपल्या जुन्या जागी जाऊन बसली, आणि मागं वळून मोठ्यानं विचारलं, की गानं का थांबलं?

लोभ आटावा असं मी केलं होतं. तू तो आटू दिला नाहीस, तसाच वाहता ठेव.

तुझा,
बाळासो